दहावं दार

आत्म्याला पाय नसतात, हे मला तीन वर्षं दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात सांगण्यात आलं. सांगणारे गृहस्थ बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. सांगताना त्यांचे स्वतःचे पाय मात्र एका गुबगुबीत उशीवर ठेवलेले असत, कारण त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव आत्मासर ठेवलं होतं. आता तोंडावरही म्हणते.

आम्ही तंजावूरचे मराठी. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं मी गणित शिकवलं, तेही तमिळमधून. घरात मात्र मराठी. तुम्ही पुण्याचे असाल तर आमचं बोलणं ऐकून हसाल, खुशाल हसा. आमच्या गल्लीत देवनागरी वाचता येणारी मी एकटी उरले आहे, कारण माझ्या वडिलांनी छडी हातात धरून शिकवली. त्याचा एक मोठा फायदा असा की मी हे लिहिते आहे ते इथं कोणीच वाचणार नाही. चेन्नईतला मुलगा नाही, आत्मासर नाहीत, आणि आमचे हे तर नाहीतच. म्हणून हात न आखडता लिहिते.

आमचे हे कालव्यांच्या खात्यात होते. तिरुवैयारूपासून पापनाशमपर्यंत मोपेडवर फिरायचं, पाण्यात रोवलेल्या खांबावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पाणी चढलं की झोप नाही, उतरलं की जेवण नाही. तेव्हा माणूस ठीक होता. निवृत्त झाले आणि यांचा आकड्यांवरचा विश्वासच उडाला. चौदा वर्षं अंगात शुगर आहे. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांसाठी पाण्याचा आकडा वाचला, तो स्वतःच्या रक्ताचा आकडा वाचायला तयार नाही. का, तर म्हणे देहाचे चोचले पुरवायचे नसतात. सकाळची गोळी घ्यायची, संध्याकाळची घ्यायची नाही. म्हणजे देह सकाळी असतो आणि संध्याकाळी नसतो, असं काहीतरी असावं.

मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडले. मग म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. माझा स्वभाव तसाच आहे. तीनदा सांगून ज्या मुलीला कळलं नाही तिला मी शाळेतही सोडून द्यायची.

मग तू त्या शनिवारच्या वेदान्ताच्या वर्गाला कशाला जायचीस, असं मुलाने फोनवर विचारलं होतं. अरे बाबा, हे एकटे गेले तर घरी येऊन तोच वर्ग मला एकटीला घ्यायचे, सांबारात पळी घालून उभी असताना. त्यापेक्षा मूळ ठिकाणी पंख्याखाली बसून ऐकलेलं काय वाईट?

पंख्याखाली म्हणजे पंख्याखाली जागा मिळाली तर. कारण "मी देह नाही" असं शिकायला येणारे ते वीस-बावीस देह पंख्याखालच्या चार जागांसाठी पाच वाजल्यापासून येऊन रुमाल टाकून बसत. दीड तास सगळं झटकून टाकायचं. हात मी नाही, डोळे मी नाही, मन मी नाही, बुद्धी मी नाही. सात वाजता कॉफी आणि हरभऱ्याची उसळ आली की सगळे परत आपापल्या देहात शिरत, आणि कोणाचा गुडघा बदलला, कोणाचा मोतीबिंदू पिकला, कोणाला कॉफीत साखर अर्धा चमचा, याची चर्चा आठपर्यंत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. पाषाण तरी बरा, तो उसळ दुसऱ्यांदा मागत नाही.

आत्मासरांची एक लाडकी गोष्ट होती, दर तीन महिन्यांनी व्हायची. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात. सगळे आले का बघायला एकेक जण मोजतो, आणि प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो. नऊच भरतात. दहावा बुडाला म्हणून सगळे काठावर बसून गळा काढतात. मग एक वाटसरू येतो आणि म्हणतो, अरे मूर्खा, दहावा तूच. हे "दहावा तूच" म्हणताना आत्मासर समोरच्याच्या छातीपर्यंत बोट नेत, आणि तो समोरचा आत्मा सापडल्यासारखी मान डोलवी.

एकदा मी उभी राहिले. म्हटलं, "सर, सातवीतली मुलगीसुद्धा ही चूक करत नाही."

"मामी, ही गणिताची चूक नाही," ते हसून म्हणाले. आमच्याकडे दर बाई मामीच असते.

"मग कशाची आहे?"

"तेच तर उमजायचं आहे."

हे असलं उत्तर मी वर्गात दिलं असतं तर मुलीच्या बापाने हेडमिस्ट्रेसकडे तक्रार केली असती. मी खाली बसले. हे माझ्याकडे बघत नव्हते, त्यांना लाज वाटली होती माझी. वाटू दे.

तर तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोठ्या देवळात आम्ही वर्गातले सगळे गेलो होतो. चैत्रातली दुपार, आणि देवळाचं ते अवाढव्य दगडी अंगण. चप्पल बाहेर ठेवायची आणि काथ्याची चटई अंथरलेली असते तेवढ्यावरून चालायचं, नाहीतर तळवे भाजून निघतात. चटईवरून सगळे बायकापुरुष उड्या मारत चाललेले, "अय्यो अय्यो" करत. आणि आमचे हे? चटई सोडून, उघड्या दगडावरून, हात मागे बांधून, संथ. जसे पूर्वी कालव्याच्या बांधावरून चालायचे तसे.

सगळे बघत राहिले. कोणीतरी विचारलं, "पोळत नाही तुम्हाला?" हे म्हणाले, "नाही बुवा. काहीच वाटत नाही." आणि स्वतःच जरा चकित होऊन हसले.

शनिवारी आत्मासरांनी जाहीर केलं की आपल्यातल्या एकाची देहबुद्धी गळून पडली आहे. पुढच्या रांगेत पंख्याखालची जागा यांना कायमची मिळाली. बायका यांना वाकून नमस्कार करू लागल्या. हा माणूस अंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर टाकतो, आणि त्याला नमस्कार! मी घरी येताना म्हटलं, "पुढच्या वेळी निखाऱ्यावरून चालवा म्हणावं, तिकीट लावू." हे नुसते हसले. त्या दिवसांत त्यांच्या तोंडावर एक मंद हसू कायम असायचं. ते बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझ्या तळपायाला आग होती म्हणून, दुसरं काय.

पुढे आणखी एक व्हायला लागलं. हे बाजारातून एकच चप्पल घालून परत यायचे. उजव्या पायातली कुठं गळून पडली याचा पत्ता नसायचा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मी गल्लीत ऐकू जाईल अशी हसले. "तुमचा आत्मा एकटांगी दिसतो," म्हटलं. बत्तीस वर्षं मी मुलींना शिकवत आले की दिलेली माहिती आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा. इथं माहिती धडधडीत समोर. शुगर चौदा वर्षांची, गोळी अर्धी, दगड पोळत नाही, चप्पल पडलेली कळत नाही. एका ओळीचं उत्तर. पण यांना त्यात मोक्ष दिसला आणि मला थट्टेचा विषय. दोघंही नापास.

मार्गळी आली, म्हणजे तुमचा धनुर्मास. आमच्या भजनमठात त्या महिन्यात राधाकृष्णाचं लग्न लावतात, आणि त्या लग्नाच्या सकाळी उंछवृत्ती असते. भजन म्हणणाऱ्याने गळ्यात हार घालून, खांद्याला पितळी चंबू बांधून अनवाणी गल्लीतून गात जायचं, प्रत्येक घराने चंबूत मूठभर तांदूळ घालायचे. घरी गाडी आहे की बंगला आहे याला महत्त्व नाही, त्या सकाळी तो भिकारी. हे मला मान्य आहे, ही प्रथा मला आवडतेसुद्धा. आणि प्रत्येक दारात पाट मांडून घरच्या बाईने त्याचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, पायावरचं पाणी डोळ्यांना लावायचं. त्या घटकेला ते पाय त्या माणसाचे नसतात, देवाचे असतात.

त्या वर्षी चंबू यांच्याकडे आला. देहबुद्धी गळालेला माणूस हाताशी असताना दुसऱ्याला कोण देणार? आवाज यांचा बरा आहे, ते मी नाकारत नाही. कालव्याच्या कडेने एकटं फिरून फिरून मोकळा झालेला आवाज.

सकाळी साडेसहाला मठातून निघाले. नऊ दारं झाली. दहावं आणि शेवटचं आमचं.

मी गेले नाही बाहेर.

का जावं? या पायांच्या टाचांच्या भेगांना मी चाळीस वर्षं एरंडेल देत आले. या पायांचे मोजे मी धुतले आहेत. कालव्याच्या चिखलाने भरलेले हे पाय घेऊन ते नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून आत यायचे, तेव्हा देव कुठं होता? आणि आता सगळ्या गल्लीसमोर मी वाकून ते धुवायचे, तीर्थ म्हणून डोळ्यांना लावायचे आणि आत्मासरांनी मान डोलवायची? जाऊ दे! मी शेजारच्या सुनेला तांदळाचं ताट देऊन पुढे पाठवलं आणि दाराच्या पडद्यामागे उभी राहिले. दार रिकामं राहू नये म्हणून तिने चंबूत तांदूळ घातले, चार थेंब पाणी पायांवर शिंपडलं, झालं. हे पाटावर उभे. आमच्या दारात त्यांनी एक पद जास्तीचं म्हटलं. मी मनात म्हटलं, बघा, घरच्या दारात मिरवायची हौस! मग टाळ मठाकडे परत गेले.

तिसऱ्या दिवशी यांना ताप आला. चौथ्या दिवशी घरात वास सुटला. मेलेल्या उंदराचा असतो तसा. मी तांदळाचा पिंप हलवला, गॅसची टाकी हलवली, माळ्यावर चढले, तोंडाने यांना नावं ठेवत. अंगात थोडा ताप आला म्हणून झोपून काय राहता, उठा, उंदीर शोधा. हे उठले. हे चालत जवळ आले आणि वास जवळ आला.

मी त्यांना खाली बसवलं आणि उजवा पाय उचलून उलटा केला. त्याच्याबद्दल लिहीत नाही. अंगठ्याच्या खाली एक लोखंडी चुका होता, सतरंजी फळीला ठोकायला वापरतात तसला, टोपीपर्यंत आत गेलेला. भोवती सगळं काळं.

"दुखत नाही?" मी ओरडले.

"नाही," हे म्हणाले. त्या वेळी ते हसत नव्हते.

सरकारी इस्पितळात शुगरची एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने यांना डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला आणि तळपायाला एकेका ठिकाणी टेकवत गेली. "अय्या," म्हणाली, म्हणजे तुमचं काका, "लागलं की हो म्हणा." दोन्ही पायांना मिळून वीस ठिकाणी दोरा टेकवला. हे डोळे मिटून, कान देऊन, वर्गात बसतात तसे शांत बसले होते. एकदाही हो म्हणाले नाहीत. शेवटी म्हणाले, "सुरू करा ना."

तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. तीन वर्षांची साधना त्या दोऱ्याच्या टोकावर संपली. देहबुद्धी गळाली नव्हती, शुगरने पायांतल्या नसा मेल्या होत्या.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं. यांना सांगता येईना. मला आठवलं, मी फोन काढला. उंछवृत्तीचे फोटो मठाच्या ग्रुपवर पडले होते. पहिल्याच दारातला फोटो. पांढऱ्या कोलमवर, म्हणजे रांगोळीवर, एक लाल पाऊल उमटलेलं. त्या घरच्या बाईने खाली लिहिलं होतं की साक्षात देवाचं पाऊल आमच्या दारात आलं, आणि त्याखाली चाळीस जणांनी हात जोडले होते. मी फोटो मोठा केला. कुंकू दोन्ही पायांना लावतात. लाल पाऊल एकच होतं, उजवं. दुसऱ्या दारातही एकच. तिसऱ्याही. चुका मठात सतरंजी ठोकलेल्या फळीवरून उतरतानाच लागला होता, आणि नऊ दारं हा माणूस तो चुका पायात घेऊन गात फिरला होता.

नऊ बायका! नऊ जणींनी तो पाय हातात घेतला होता. पाणी घातलं, हळद लावली, रक्त कुंकवात मिसळलं, आणि एकीने खाली बघितलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले. देवाचे पाय ना, त्यांना तळवे कुठून असणार! मी इस्पितळाच्या त्या बाकावर बसून नऊ जणींची एकेक करून नावं घेतली, मोठ्याने. ही आंधळी, ती नटवी, तिसरीला फोटोची घाई. माझ्या शेजारी बसलेली एक खेडवळ बाई घाबरून उठून गेली.

आठ दिवस आमचं एकच गणित होतं. काळं कुठपर्यंत चढतं. बोटांवर थांबलं तर बोटं, नाहीतर घोटा, नाहीतर गुडघ्याखाली. डॉक्टरीण रोज सकाळी पेनाने पायावर एक रेघ मारायची, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बघायचो की रेघ ओलांडली का. यांच्या कालव्याच्या खांबासारखंच. हे मान उचलून विचारायचे, "किती?" आता आकडा हवा होता त्यांना. मी सांगायची. आणि मी, जिने जन्मात कोणाला नवस केला नाही, ती रोज सकाळी चादर उचलण्याआधी मनात नवस बोलायची. हा माणूस चालला नाही तर तो जगणार नाही, हे मला ठाऊक होतं. चालण्याखेरीज त्याला काही येतच नाही.

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. बाकीचा पाय राहिला.

आत्मासर भेटायला आले, सफरचंदं घेऊन. खुर्चीत बसले, पाय कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. म्हणाले, "बोट गेलं म्हणजे काय गेलं? आत्म्याला कोण कापणार?"

मी म्हटलं, "खरं आहे सर. मग तुमचं एक द्या ना. तुम्हाला तरी त्याचा काय उपयोग?"

हे म्हणाले, "अगं, असू दे." आत्मासर हसले, पण त्यांनी चपला जवळ ओढून घेतल्या. मी म्हटलं, "निदान बघा तरी. मलमपट्टीची वेळ झालीच आहे." त्यांनी बघितलं नाही. दुसऱ्याचा पाय बघायचा धीर नाही आणि निघाले आत्मा बघायला! फोन आल्याचं सांगून उठले.

ते गेल्यावर हे पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत होते. मग म्हणाले, "ती बोटं त्यांनी कुठं टाकली असतील?"

"मला काय माहीत."

"परवापर्यंत माझी होती. आता कुठं तरी आहेत, आणि मी इथं आहे. पुरा आहे. काही कमी झाल्यासारखं वाटत नाही. म्हणजे सर बरोबरच सांगत होते."

"मग रडताय कशाला?"

त्यांनी गालाला हात लावून बघितलं. "रडतोय का?" म्हणाले. "कोण जाणे."

माझं आत्म्याशी भांडण नाही, असलाच तर असो. माझं भांडण या घाईशी आहे. पायरी न चढता माडीवर जायची ही घाई. आपल्या सगळ्या भक्तीत पायच पाय. चरणी लीन व्हा, चरणांची धूळ व्हा, चरण सोडू नका. शेकडो वर्षं लोकांनी पायांवर डोकी टेकली. पण पाय उलटा करून बघितला तर त्यात चुका सापडेल, हे त्या डोक्यांत कधी येत नाही. ज्याला पाय दिसत नाही, त्याला आत्मा काय डोंबलाचा दिसणार?

घरी आल्यावर रोज सकाळी जमिनीवर आरसा ठेवून मी त्यांचे तळवे तपासते. डॉक्टरणीने तसं शिकवलं. यांना वाकून दिसत नाही, म्हणून मी सांगायचं. इथं घट्टा, इथं चीर, इथं काही नाही. हे निमूट ऐकतात. दोन्ही वेळची गोळी घेतात. खास शिवलेला बूट घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतात. शनिवारी वर्गालाही जातात, पण मागे बसतात. तिथं आता दुसऱ्या कोणाची देहबुद्धी गळाली आहे म्हणे.

वर्ष फिरलं. पुन्हा मार्गळी, पुन्हा उंछवृत्ती. या खेपेला चंबू पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या खांद्याला. माझी जय्यत तयारी होती. मी पाटाऐवजी दारात स्टूल मांडलं. तांब्याभर कोमट पाणी, हळदकुंकू, आणि गळ्यात चष्मा. हे ओट्यावर बूट घालून बसले होते.

टाळ दारात आले. मी म्हटलं, "बसा." पोस्टवाले बसले. मी चष्मा चढवला, खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि उलटा केला. धुतला, पुसला, बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या. मग म्हटलं, "डोळे मिटा. मी कुठं टोचते सांगा." टाळ थांबले. बायका पदराआड हसायला लागल्या.

"मामी," आत्मासर म्हणाले, "ही पादपूजा आहे. तपासणी नव्हे."

"माझ्या दारात हीच पूजा," मी म्हटलं. "तुमचाही नंबर आहे, पळू नका." पोस्टवाल्यांना दहाच्या दहा बोटांत कळत होतं. मी त्यांचे दोन्ही पाय धुतले, हळद लावली, कुंकू लावलं, पाणी डोळ्यांना लावलं, आणि टाळांमागून आलेल्या त्या नऊ जणींकडे एकेक करून बघितलं. त्यांनी माना खाली घातल्या. माझ्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं. सगळा हिशेब चुकता झाला असं वाटलं. टाळ मठाकडे गेले.

"चांगलं केलंस," हे ओट्यावरून म्हणाले.

"मग? कोणीतरी बघायला नको? नऊ जणी होत्या, नऊ! एकीने जरी खाली बघितलं असतं, तरी तुमचा अंगठा आज जागेवर असता."

यांनी बूट रांगोळीपासून मागे घेतला.

"त्या दिवशी तू आत होतीस," ते म्हणाले.

"कुकर लावला होता मी."

"कुकर नव्हता. पडद्याखालून तुझे पाय दिसत होते मला." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, भांडणाचा नव्हता. "म्हणून मी एक पद जास्त म्हटलं. म्हटलं, येशील."

मी तांब्या हातात घेऊन उभी.

"चुका घुसला ते मला कळलंच नाही गं," हे म्हणाले. "तू आली नाहीस ते कळलं."

तांब्यात पाणी उरलं नव्हतं. ते भरून आणते असं काहीतरी पुटपुटत मी आत गेले, नळ सोडला, आणि बराच वेळ मला बाहेर येता येईना.